व्हीलचेअरवरच्या मुलाला घेऊन दिवसभर बाहेर जायचं तर आधी काय ठरवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा आठ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर मर्यादा), जीएमएफसीएस पातळी चार (हालचालींच्या क्षमतेची एक ते पाच अशी मोजपट्टी, पाच सगळ्यात तीव्र), वजन २१ किलो. बोलत नाही, पण समजतं बरंच. फिट क्वचित येते, औषध रोज चालू आहे, शिवाय ताठरपणासाठी बॅक्लोफेन. मागे तळ्याकाठी गेलात. गाडीत पाऊण तास गेला, पोचल्यावर वीसेक मिनिटांत तो अंग ताठ करून रडायला लागला, कशानेच थांबेना, शेवटी सामान गोळा करून घरी परतलात. आता बारा वर्षांची मुलगी म्हणते की आपण कुठे जातच नाही. तुम्ही विचारलंय की जागा कुठली निवडू, सोबत काय नेऊ, की त्याला आजीजवळ ठेवून आम्ही तिघांनीच जावं? आणि जाता जाता एक ओळ लिहिली आहे, की त्याच्या लक्षात तरी राहतं का हे सगळं?

जागा आणि सामान नंतर बघू. आधी तो का रडला हे शोधायला हवं, नाहीतर नव्या जागी जाऊनही तेच होणार. "त्याला बाहेर आवडतच नाही" हा निष्कर्ष घरचे फार लवकर काढतात. या पातळीचं, न बोलणारं मूल ऊन लागलं तर बाजूला सरकू शकत नाही, पट्टा रुतला तर सैल करू शकत नाही, तहान लागली तर पाणी मागू शकत नाही. तक्रारीचं एकच साधन हाताशी होतं, ते त्याने वापरलं.

तुम्ही दिलेल्या वेळांकडे पुन्हा बघा. पाऊण तास गाडीत आणि वीस मिनिटं व्हीलचेअरवर. तुम्ही हे दोन वेगळे कार्यक्रम धरलेत, पण त्याच्या खुब्यांच्या आणि पाठीच्या दृष्टीने ती सलग पासष्ट मिनिटांची एकच बैठक होती. शिवाय गाडीतल्या सीटला त्याच्या खुर्चीसारखे बाजूचे आधार नसतात, त्यामुळे तिथे तो जास्त दमतो. तळं, गर्दी, पक्षी यांचा रडण्याशी संबंध असेलच असं नाही. बहुधा बसण्याची मर्यादा संपली होती. मी लहान मुलांसोबत काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि फसलेल्या सहलींचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, म्हणून पहिला संशय त्यावर घेते. मुलाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तेव्हा खात्रीने सांगत नाही.

एक गोष्ट मात्र सहलीच्या आधीच तपासून घ्या. डायपर बदलताना पाय बाजूला केला की तो दचकतो, किंचाळतो, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड वाटतो, असं काही होतं का? सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनपैकी एका मुलाचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो, आणि पातळी चार-पाचमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं. खुब्याचा एक्स-रे गेल्या वर्षभरात झाला नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना आधी दाखवा. दुखणारा खुबा घेऊन कुठलीच सहल नीट होत नाही.

खुबा ठीक असेल तर घरी तीन साध्या दिवशी त्याची बैठक मोजा. खुर्चीत बसवल्यावर घड्याळ लावा आणि रडण्याची वाट बघत बसू नका. रडणं हे शेवटचं लक्षण असतं. त्याआधी ढुंगण पुढे घसरायला लागतं, एका बाजूला कलणं वाढतं, मुठी घट्ट होतात, जीभ बाहेर येते किंवा दात खाल्ले जातात. प्रत्येक मुलाचं पहिलं लक्षण ठरलेलं असतं, तुम्हाला ते बहुधा माहीतही असेल, फक्त वेळ कधी लिहिलेली नसेल. समजा ते पंचेचाळिसाव्या मिनिटाला दिसलं. बाहेर हादरे असतात, जमीन उंचसखल असते, नवं काही दिसलं की उत्साहानेही अंग ताठ होतं, म्हणून घरच्या आकड्यातून मी एक तृतीयांश वजा करते. उरली तीस मिनिटं. त्याच्या सहलीचं हे चलन समजा आणि खर्च त्या हिशेबाने करा.

या हिशेबाने तुमचा मागचा दिवस गाडीतच संपला होता. मग करायचं काय? पाऊण तासाच्या प्रवासात मध्ये एकदा थांबून त्याला मागच्या सीटवर आडवं करा, पाच-सात मिनिटं पाय हलवू द्या. पोचल्यावर खुर्ची उघडायची घाई करू नका. आधी सावलीत चटई, आणि तो वीस मिनिटं जमिनीवर. तुम्ही सगळं लावेपर्यंत त्याने खुर्चीत बसून राहायचं, हा नेहमीचा क्रम उलटा करा. हा एवढा बदल केला तरी दिवसाचा रंग पालटतो.

जमिनीवर कसं ठेवायचं हे नीट सांगते, कारण "चटईवर झोपवलं" एवढ्याने भागत नाही. उताणं ठेवलं तर या मुलांचं डोकं मागे जातं, अंग कमानीसारखं ताठतं, आणि डोळ्यांत थेट आभाळाचा उजेड. त्यापेक्षा कुशीवर. पाठीमागे घट्ट गुंडाळलेलं ब्लँकेट, डोक्याखाली खांद्याच्या जाडीइतकी उशी, वरचा पाय गुडघ्यात वाकवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये टॉवेलची घडी. असं केलं की दोन्ही हात आपोआप चेहऱ्यासमोर एकत्र येतात, आणि जे काही दाखवायचं, हातात द्यायचं, ते तिथेच देता येतं. पोटावर राहणं त्याला चालत असेल तर छातीखाली गुंडाळी, कोपर खांद्यांच्या थोडे पुढे, दहा मिनिटं पुरे. खाल्ल्यानंतर लगेच पोटावर किंवा आडवं मात्र नाही. जेवण झाल्यावर किमान अर्धा तास उभट बसलेलं असू द्या.

तिसरी बैठक माझ्या आवडीची, कारण तिला काहीच साहित्य लागत नाही. तुम्ही झाडाला टेकून पाय पसरून बसा, त्याला तुमच्या दोन पायांच्या मध्ये घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला. आता तुमचे गुडघे वाकवून उभे करा, त्याचे हात त्यांच्यावर. झाली हात टेकायची खुर्ची. तो मागे ढकलायला लागला तर त्याचे खांदे ओढू नका, त्याने ताठरपणा वाढतो. त्याच्या मांड्यांखाली हात घालून गुडघे थोडे वर, पोटाच्या दिशेने घ्या. खुबा वाकला की पाठीचा जोर ओसरतो. या बैठकीत तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नाही, एवढीच अडचण. म्हणून समोर दुसरं कोणीतरी हवं, आणि ही जागा बहीण आवडीने घेते.

उचलण्याबद्दल स्पष्ट बोलते. माणसाला हातांनी उचलताना सुरक्षित मर्यादा साधारण १६ किलो धरली जाते, तीही तो अंगाजवळ असेल आणि झटके देत नसेल तर. तुमचा मुलगा २१ किलोचा आहे आणि ताठ होतो. घरात पलंगाच्या उंचीवरून एकट्याने उचलणं निभून जातं, पण जमिनीवरून नाही. बाहेर प्रत्येक वेळी दोघांनी उचला: एकाने मागून काखेखालून हात घालून त्याच्या पुढे दुमडलेल्या हातांना धरायचं, दुसऱ्याने गुडघ्यांखालून. "एक, दोन, तीन" मोठ्याने म्हणा, त्यालाही कळू द्या की आता उचलणार आहोत. न सांगता उचललं की दचकून ताठ होणं ठरलेलं. जमिनीवर उतरवणं-चढवणं किती वेळा होणार हे आधी मोजा. चारपेक्षा जास्त होत असेल तर कार्यक्रम लांबलाय, किंवा धरायच्या मुठी असलेला उचलायचा कापडी स्लिंग घ्यायची वेळ आली आहे.

आता जागा. सुंदर आहे का, हे सगळ्यात शेवटी विचारा. गाडी उभी करायच्या ठिकाणापासून सावलीपर्यंत अंतर किती, वाट कशाची, चढ किती, फोनला रेंज आहे का, आणि मदत लागली तर गाडी थेट तिथवर येऊ शकते का? फिट येणाऱ्या मुलासाठी शेवटचे दोन प्रश्न मी कधीच सोडत नाही. शक्य असेल तर तुमच्यापैकी एकाने आदल्या आठवड्यात जाऊन यावं आणि वाटेचे फोटो काढावेत. दुसऱ्यांनी दिलेल्या "व्हीलचेअर जाते" या ग्वाहीवर विसंबू नका. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाताने चाकं फिरवणारा प्रौढ माणूस असतो, तुमची खुर्ची मात्र मागून ढकलायची आणि पाठ कललेली.

मऊ जमिनीवर खुर्ची अडते ती पुढच्या लहान चाकांमुळे. वाळू, खडी, ओलं गवत यांत ती रुततात, आणि मागून जोर लावला की सगळी खुर्ची पुढे तोंडघशी पडू पाहते. अशा पट्ट्यात खुर्ची मागे कलवून पुढची चाकं उचलून न्या, किंवा सरळ उलटी फिरवून ओढत न्या. वाळूत ओढणं ढकलण्यापेक्षा नेहमीच सोपं. पायटीला, म्हणजे पाय ठेवायच्या फळीला, जोडायचं मोठं पुढचं चाक मिळतं, त्याने लहान चाकं अधांतरी राहतात. वरचेवर बाहेर जाणार असाल तर तो खर्च योग्य आहे, पण तुमच्या खुर्चीची पायटी एकसंध आणि पक्की असेल तरच ते बसतं. घडी होणाऱ्या दोन वेगळ्या पायट्यांवर आधी विचारून घ्या. उताराबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. रॅम्पसाठी १:१२ हे प्रमाण वापरतात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून तीव्र उतारावरून खाली येताना तुम्ही खालच्या बाजूला राहा आणि खुर्ची उलटी आणा. बाजूला कललेल्या वाटेवर खुर्ची सतत खालच्या अंगाला वळते, अशी वाट लांब असेल तर सोडून द्या. आणि चाकाचा ब्रेक उभं राहण्यासाठी असतो, वेग कमी करण्यासाठी नाही. टायरमध्ये हवा कमी असली की तो धरतही नाही, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवा बघा.

ऊन हे दुसरं मोठं कारण, आणि इथे त्याच्या औषधांची नावं महत्त्वाची आहेत. फिट्ससाठी टोपिरामेट किंवा झोनिसमाइड चालू असेल तर घाम कमी येऊ शकतो. लाळेसाठी ग्लायकोपायरोलेट किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तरी तेच. घाम नाही म्हणजे अंग थंड व्हायचा रस्ता बंद. अशा मुलाची त्वचा कोरडी, लाल आणि गरम होते, तो मलूल पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की "शांत झाला". कोणतं औषध आहे ते डॉक्टरांना विचारून या कप्प्यात बसतं का ते बघा. बसत असेल तर दहाच्या आत किंवा चारनंतरच बाहेर, मानेला आणि काखेत ओलं फडकं, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी. पाणी घट्ट करून देत असाल तर पावडर वेगळी न्या आणि ऐनवेळी कालवा. आधी कालवलेलं ठेवल्यावर घट्ट होत जातं आणि गिळायला अवघड पडतं. खुर्ची उन्हात सोडू नका, धातूचं बक्कल आणि काळं रेक्झिन चांगलंच तापतं. बसवण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने तपासा. उलट गार वाऱ्यानेही ताठरपणा वाढतो, तेव्हा सावलीत पायांवर पातळ शाल असावी.

औषधांच्या वेळा सहलीसाठी हलवू नका. बॅक्लोफेनचा डोस अचानक चुकला तर ताठरपणा उसळतो, आणि औषध एकदम बंद पडलं तर फिटसुद्धा येऊ शकते. फिट्सच्या औषधाचंही तसंच. म्हणून दिवसभराचे डोस आणि वर एका दिवसाचे जास्तीचे, तेही दोन वेगळ्या पिशव्यांत. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात औषध ठेवू नका, तिथे ते भाजून निघतं.

फिट आलीच तर काय, हे सगळ्यांना, मुलीलासुद्धा, आधीच माहीत असावं. तो खुर्चीत असेल तर ब्रेक लावा, डोकं धरा, खुर्चीतच राहू द्या. श्वासाला अडथळा येत असेल किंवा उलटी झाली तरच बाहेर काढून कुशीवर. जमिनीवर असेल तर थेट कुशीवर. तोंडात काही घालायचं नाही, वेळ घड्याळावर बघायची. पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध, आणि रुग्णवाहिकेला फोन. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. झाडांच्या रांगेतून लुकलुकणाऱ्या उन्हाची अनेक पालकांना धास्ती असते. उजेडाने फिट येणं एपिलेप्सी असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांमध्येच दिसतं. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, तसं आढळलं नसेल तर ही काळजी सोडा. आढळलं असेल तर अशा वेळी त्याचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाका. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतूनही उजेड जातो.

तळं आहे म्हणून पाण्याचंही सांगते. पाण्याजवळ खुर्ची नेहमी काठाला समांतर उभी करा, तोंड पाण्याकडे करून कधीच नाही. होडीत बसायचं असेल तर त्याला खुर्चीला बांधून होडीत ठेवू नका. होडी उलटली तर खुर्ची त्याला खाली नेईल. लाइफ जॅकेटवर तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा न्यूटनमध्ये असतो. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, त्यात तोंड वर राहील याची हमी नाही. मान न धरणाऱ्या मुलाला १०० किंवा वरचं, मानेमागे कॉलर आणि मांड्यांमधून पट्टा असलेलं, त्याच्या वजनाच्या मापाचं हवं. आणि तेही कंबरभर पाण्यात, तुम्ही धरलेलं असताना, आधी तपासून. एका बाजूचा ताठरपणा जास्त असेल तर जॅकेट असूनही मूल त्या अंगाला वळतं. ज्याला फिट येते त्याच्यासाठी पाण्यात एक मोठा माणूस कायम हाताच्या अंतरावर, आणि त्या माणसाकडे फोन नसावा.

डायपर बदलणं बहुतेक ठिकाणी अवघडच असतं. आठ वर्षांच्या मुलाला बाळांच्या पाळणावजा फळीवर ठेवता येत नाही, आणि स्वच्छतागृहाच्या फरशीवर ठेवू नये. एक माणूस आत मावेल असा झटकन उघडणारा छोटा तंबू, खाली दीड मीटर लांबीची जाड चटई, वर धुता येणारं कापड. आठ वर्षांच्या मुलालाही आडोसा लागतो. पायातले स्प्लिंट पोचल्यावर काढा, वाळू पुसा, कोरडे मोजे घालूनच परत चढवा. घरी आल्यावर माकडहाड, टाचा, घोटे बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब पडला आहे, आणि पुढच्या वेळेआधी बैठक किंवा स्प्लिंट दुरुस्त व्हायला हवा.

इथवरचं सगळं तो रडू नये म्हणून झालं. त्याला मजा यावी यासाठी वेगळा विचार लागतो. बहुतेक सहलींत असं मूल सामानासारखं इकडून तिकडे हलवलं जातं आणि सगळे त्याला काहीतरी दाखवत राहतात. त्याच्याकडे एक काम असू द्या. फोनच्या कॅमेऱ्याचं ब्लूटूथ बटण मिळतं, नाण्याएवढं. ते त्याच्या खुर्चीच्या ट्रेवर दुहेरी चिकटपट्टीने लावा आणि त्यावर बरणीचं रुंद चपटं झाकण चिकटवा. झाकण डुगडुगू नये म्हणून कडेने फोमचे तुकडे. फोन क्लॅम्पने खुर्चीच्या दांडीला, भिंग तो बघतो त्या दिशेला. ज्या हाताची हालचाल बरी, त्या बाजूला बटण, पण हात नुसता विसावतो त्या जागी नको. तिथे लावलंत तर हाताच्या वजनाने बटण दाबलेलं राहतं आणि शेकडो फोटो पडतात. विसावण्याच्या जागेपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे, म्हणजे हात मुद्दाम न्यावा लागेल. फोनमधला सलग फोटो काढायचा पर्याय बंद करा. घरी आठवडाभर सराव होऊ द्या. बाहेर गेल्यावर बहिणीने समोर उभं राहून "काढ!" म्हणायचं आणि थांबायचं. दहा सेकंद तरी. या मुलांचा मेंदू हातापर्यंत निरोप पोचवायला वेळ घेतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला मदत करून त्याची पाळी खाऊन टाकतो.

संवादाचा तक्ता कागदी न्या, उन्हात टॅबलेटचा पडदा दिसत नाही. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवं. सहा चित्रं पुरे: पुन्हा, पुरे, दुखतंय, पाणी, झोपायचंय, घरी. तो डोळ्यांनी दाखवत असेल तर दोनच चित्रं तुमच्या दोन्ही खांद्यांच्या रुंदीवर धरा आणि नजर कुठे स्थिरावते ते बघा. "घरी" हे चित्र मुद्दाम ठेवा, आणि त्याने ते दाखवलं तर निदान चटईवर तरी न्या. नाहीतर तक्ता शोभेचा होतो आणि तो पुन्हा रडण्याकडे वळतो.

आता मुलीचं. ती मदतनीस नाही, हे तुम्हाला पटलेलं असेलच, पण अशा दिवशी विसरायला होतं. तिच्यासाठी एक तास आधीच जाहीर करा: या वेळेत आई किंवा बाबा, दोघांपैकी एक, पूर्ण तिचा. पाण्यात उतरायचं, टेकडी चढायची, जे तिला हवं ते. त्या तासात दुसऱ्याने हाक मारायची नाही, आणि भाऊ आजारी पडल्याशिवाय तो तास कापायचा नाही. भावासोबतचा तिचा भाग खेळाचा असावा, फोटोसारखा. भरवणं, डायपर, लाळ पुसणं यांत तिला ओढू नका. आणि ती चिडली तर चिडू द्या. "त्याला बिचाऱ्याला कळत नाही" हे उत्तर तिने शंभरदा ऐकलेलं असतं.

त्याला आजीजवळ ठेवून जावं का? कधीकधी, हो. चढणीच्या वाटेवर किंवा भर उन्हाच्या दिवशी त्याला नेण्यात त्याचं काही भलं नाही, आणि मुलीलाही निवांत आईबाप मिळायला हवेत. आजी त्याला उचलू शकते का, फिट आली तर काय करायचं ते तिला येतं का, एवढं मात्र पाहून. त्याला न सांगता गुपचूप निघू नका, आणि हा कायमचा तोडगा करू नका. पीटर रोझेनबाम आणि यान विलेम गॉर्टर या संशोधकांनी २०१२ साली बालअपंगत्वाविषयी सहा शब्द पुढे आणले. कार्यक्षमता आणि तंदुरुस्ती यांच्या बरोबरीने कुटुंब, मजा, मित्र आणि भविष्य हेही त्यात आहेत. व्यायाम बुडेल म्हणून सहल टाळणाऱ्यांना मी हेच सांगते. चटईवर कुशीवर पडून बटण दाबणं हाही व्यायामच आहे.

पहिल्या वेळचा आराखडा तीन तासांच्या वर नेऊ नका. प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. पोचल्यावर वीस मिनिटं कुशीवर, मग खुर्चीत पंचवीस-तीस मिनिटं, त्यात फोटो. मग खाणं, आणि त्यानंतरचा अर्धा तास तुमच्या पायांच्या मध्ये टेकून, याच वेळात मुलीचा तास सुरू. मग चटईवर लोळणं, डायपर, आणि परत. तो खुशीत असतानाच निघा. "अजून थोडं थांबू, छान चाललंय" या मोहाने चांगले दिवस वाया जातात. पुढच्या वेळी तीच जागा, जागा बदलायची घाई नको. ओळखीच्या जागी त्याला पुढे काय होणार हे कळतं आणि अंग कमी ताठतं.

लक्षात राहतं का? राहतं, पण आठवण बोलण्यातून पक्की होते, आणि न बोलणाऱ्या मुलाशी आपण घडून गेलेल्या गोष्टींबद्दल बोलतच नाही. रॉबिन फिवश आणि एलेन रीस या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसतं की आईवडील घडलेल्या प्रसंगावर तपशिलात, प्रश्न विचारत बोलतात तेव्हा मुलांच्या आठवणी जास्त भरीव होतात. तुमच्याकडे बोलणं तुम्हालाच दोन्ही बाजूंनी करावं लागेल, मध्ये त्याला जागा ठेवून. त्याच संध्याकाळी सहा फोटो निवडा, निदान दोन त्याने काढलेले, वाकडेतिकडे असले तरी. जाड कागदावर एका पानाला एक फोटो आणि खाली त्याच्या तोंडचं एक वाक्य: "मी ताईचा फोटो काढला, तिचं डोकं कापलं गेलं." एका पानावर तिथलं वाळलेलं पान किंवा सालीचा तुकडा पक्का चिकटवा, सुटून तोंडात जाईल असं काही नको. पाण्याचा, वाऱ्याचा वीस सेकंदांचा आवाज फोनवर घेऊन ठेवा. मेंदूमुळे येणारा दृष्टिदोष या मुलांत बराच आढळतो. त्याला तसं सांगितलेलं असेल तर गर्दीचे फोटो टाळा: मागे साधी पार्श्वभूमी, मधोमध एकच गोष्ट, आणि वाचताना खिडकी त्याच्या पाठीमागे. पहिले काही दिवस रोज वाचा. आवाज लावल्यावर पान उलटण्याआधीच तो हसला, किंवा नजर पुढच्या पानाकडे गेली, तर तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर मिळालं. त्याची परीक्षा घेऊ नका मात्र, "दाखव, दाखव" झालं की ही मुलं नजर वळवतात.

तुम्ही रात्रीच्या मुक्कामाबद्दल विचारलेलं नाही, पण मुलीच्या डोक्यात ते असणारच. मुक्काम सध्या नको. आधी घरातच, जमिनीवर, तंबूत वापराल त्याच अंथरुणावर एक रात्र झोपवून बघा: त्याच्या कुशीचे आधार, गुडघ्यांमधली उशी, रात्रीच्या डोसची वेळ सगळं तसंच. झोप अपुरी झाली तर फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून तो किती वेळा जागा झाला ते लिहा. अशा दोन रात्री घरच्यासारख्या गेल्या की मग डॉक्टरांशी बोलून बाहेरच्या रात्रीचं ठरवा.